अरबस्तानचा आदिम इतिहास लिहिताय? या चुका टाळा

पहिली घसरण नकाशावरच होते. द्वीपकल्प म्हणजे सौदी अरेबिया असे धरून २१.५ लाख चौ. किमी हा आकडा ठोकून दिला जातो. तो एका देशाचा आहे. येमेन, ओमान, अमिराती, कतार, कुवेत धरले की क्षेत्रफळ सुमारे ३२ लाखांवर जाते, म्हणजे जवळजवळ भारताएवढे.

सगळा नकाशा पिवळा रंगवू नका. वाळू आहे ती साधारण एक तृतीयांश भागात : दक्षिणेला रुब अल खाली, उत्तरेला नफूद आणि दोन्हींना जोडणारा दहनाचा लालसर पट्टा. बाकी खडीची माळराने, चुनखडीची पठारे आणि पश्चिमेला 'हर्रा', म्हणजे काळ्या लाव्हाची मैदाने. त्यातल्या एकाचा मदिनेजवळ १२५६ मध्ये उद्रेक झाला होता. पश्चिमेची कड उंच आणि उतार पूर्वेकडे, ही ठेवण सह्याद्री पाहिलेल्याला चटकन कळेल. येमेनमधले सर्वोच्च शिखर ३,६६६ मीटरचे आहे. ओमानमधल्या सलालाच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर मोसमी धुके आणि रिमझिम असते. त्या हंगामाला तिथे 'खरीफ' म्हणतात. आपला खरीप त्याच अरबी शब्दातून आला.

आजचे वाळवंट कालच्या माणसावर लादू नका

खरी गफलत इथे होते. 'आफ्रिकेतून निघालेला माणूस वाळवंट तुडवत आला' असे वाक्य लिहिण्याआधी तारीख आणि पाणी शेजारी-शेजारी ठेवा. नफूदमधल्या खल्ल अमायशान आणि जुब्बा येथे प्राचीन तळ्यांच्या गाळाबरोबर दगडी हत्यारे सापडली. त्यांचे काळ सुमारे ४ लाख, ३ लाख, २ लाख, १.३ लाख ते ७५ हजार आणि ५५ हजार वर्षांपूर्वीचे. माणसे आली ती पावसाच्या पर्वांत, आणि मधल्या कोरड्या काळात वस्तीचा माग सापडत नाही. म्हणून 'सलग ४ लाख वर्षे वस्ती' असे लिहिणे चूक.

बाब-अल-मंदेबबद्दलही, म्हणजे येमेन आणि आफ्रिका यांमधल्या सामुद्रधुनीबद्दलही, जपून. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटरपर्यंत खाली गेला, सामुद्रधुनी अरुंद झाली, पण पूर्ण कोरडी पडली असे दिसत नाही. 'जमिनीचा पूल' लिहू नका. शिवाय समुद्र सर्वांत खाली असतो तेव्हा आतला प्रदेश सहसा सर्वांत कोरडा असतो, आणि पाऊस वाढतो तेव्हा समुद्रही चढलेला असतो. दोन्ही सोयी एकाच वेळी मिळाल्या असे गृहीत धरणारा नकाशा गडबडतो. इराणचे आखात मात्र उथळ आहे, सरासरी ३५ मीटर. ते २० हजार वर्षांपूर्वी खरोखर बहुतांश कोरडे होते.

तारखांचा घोळ

कार्बन-१४ पद्धत साधारण ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. त्यामुळे नफूदमधल्या अलअथर येथील सुमारे १.२ लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांचे 'कार्बन डेटिंग' झाले असे लिहिलेले दिसले, की पुढचे वाचायची गरज नाही. तिथे वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजतात. नमुना काढताना उजेड लागला तर घड्याळ शून्यावर येते, म्हणून नळी ठोकून तो अंधारातच काढावा लागतो. 'वर्षांपूर्वी' आणि 'इ.स.पू.' यांचीही सरमिसळ होते. शास्त्रीय तक्त्यांत 'वर्तमान' म्हणजे १९५०. तिथले ८,००० वर्षांपूर्वी म्हणजे इ.स.पू. ६०५०च्या आसपास.

हत्यारावरून माणसाची प्रजाती ठरवू नका. लव्हाल्वा पद्धतीची, म्हणजे दगडाचा गाभा आधी घडवून त्यातून हव्या आकाराचे छिलके काढलेली, हत्यारे आपले पूर्वजही घडवत आणि निअँडरथल ही नामशेष झालेली मानवप्रजातीही. नफूदमधल्या अल वुस्ता येथे मिळालेले आपल्याच प्रजातीच्या माणसाच्या बोटाचे एक हाड, सुमारे ८५ ते ९० हजार वर्षांपूर्वीचे, महत्त्वाचे ठरते ते यामुळेच.

उत्तर सौदी अरेबियातल्या जौफमध्ये खडकांत कोरलेले उंट आधी सुमारे २,००० वर्षांचे मानले गेले. २०२१च्या संशोधनात ते ७ ते ८ हजार वर्षांपूर्वीचे ठरले. म्हणजे ते पाळीव नव्हेत, कारण उंट माणसाळला तो इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस. वायव्येकडच्या 'मुस्ततील' या लांबट आयताकृती दगडी बांधणींतही सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची गुरांची शिंगे मिळाली आहेत. तेव्हा त्या काळाच्या चित्रात उंटांचा तांडा काढू नका, गुरे काढा.