सुपर बोलची जाहिरात आणि चित्रपटाचा गल्ला: हिशेबातल्या या चुका टाळा

दर फेब्रुवारीत तोच गोंधळ. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, संपतो. त्याच्या प्रक्षेपणात चित्रपट स्टुडिओ आपल्या आगामी चित्रपटांच्या महागड्या जाहिराती दाखवतात. दुसऱ्या दिवसापासून निम्मे लोक ‘स्टुडिओंनी पैसे पाण्यात घातले’ म्हणून मोकळे होतात आणि उरलेले ‘ट्रेलरने मैदान मारलं’ म्हणून. 2025 साली 30 सेकंदांच्या स्पॉटचा, म्हणजे सामन्यातल्या एका जाहिरातीच्या जागेचा, भाव 80 लाख डॉलरपर्यंत गेला होता, तेव्हा वाद होणारच. पण वाद घालणाऱ्यांनी निदान हिशेब तरी धड मांडावा. जाहिरातखर्चाचे आकडे तपासणं हेच माझं काम, त्यामुळे माझ्याकडे शिकाऊ मुलं येत असतात, आणि प्रत्येक नवी तुकडी त्याच चुका नव्या उत्साहाने करते.

‘जाहिरात केली म्हणून चालला’

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

एक हुशार मुलगा एकदा रंगीत तक्ता घेऊन आला. सुपर बोलमध्ये जाहिरात केलेल्या चित्रपटांचे उंच निळे खांब, न केलेल्यांचे ठेंगणे करडे खांब. “सर, सरळ दिसतंय. जाहिरातीचे पैसे वसूल.” मी विचारलं, “एवढी महागडी जाहिरात कोणत्या चित्रपटांची करतात रे?” “मोठ्या.” “मग मोठे चित्रपट मोठा गल्ला जमवतात, एवढं सांगायला ही रंगपंचमी कशाला?”

हिरमुसला, पण पोरगा चिवट. सारख्या बजेटच्या चित्रपटांच्या जोड्या लावून दुसऱ्या दिवशी परत आला. हे आधीपेक्षा बरं होतं, तरी पुरेसं नव्हतं. सारख्या बजेटच्या दोन चित्रपटांपैकी स्टुडिओ हा स्पॉट कोणाला देतो? ज्यावर त्याचा आधीच जास्त भरवसा आहे त्याला. प्रदर्शनाआधी स्टुडिओ निवडक लोकांना चित्रपट दाखवतो तेव्हा कोणता आवडला, कोणाची फुटेज चांगली आहे, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणजे निवड आधीच झालेली असते आणि आपण तिचं श्रेय जाहिरातीला देऊन टाकतो.

यातून वाट काढणारा एक सुरेख अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. तीन अर्थतज्ज्ञांनी दोन गोष्टी हेरल्या. एक, जाहिरातीची जागा विकत घेतात तेव्हा अंतिम सामन्यात कोणते संघ येणार हे कोणालाच माहीत नसतं. दोन, खेळणाऱ्या संघांच्या शहरांत तो सामना इतर शहरांपेक्षा जास्त लोक बघतात. म्हणजे त्या दोन शहरांना जाहिरातीचा जादा डोस केवळ योगायोगाने मिळतो. पुढे तोच चित्रपट त्या शहरांत इतरांच्या तुलनेत किती चालला ते बघायचं. त्यांचा निष्कर्ष असा, की सुमारे 30 लाख डॉलरच्या जाहिरातीमागे पहिल्या वीकेंडला सरासरी 84 लाख डॉलरची जादा तिकीटविक्री झाली.

मी तेव्हापासून कोणत्याही तक्त्याला हात लावण्याआधी त्या वर्षीच्या दोन संघांची शहरं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. शहरवार आकडे मिळाले नाहीत तर निष्कर्षही काढत नाही. घाईत असलेल्यांना हे पटत नाही. त्यांना संध्याकाळपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं.

तिकीटविक्री म्हणजे स्टुडिओची कमाई

वरचा आकडा वाचून लगेच ‘जवळपास तिप्पट!’ असं ओरडणारे भेटतात. जरा थांबा. अमेरिकेत तिकिटाच्या पैशांतला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्याकडे राहतो. म्हणजे 84 लाखांतले स्टुडिओच्या हाती 42 लाखांच्या आसपास. 30 लाखांवर 42 हा फायदाच आहे, चांगला फायदा आहे, पण तिप्पट नव्हे. पुढच्या आठवड्यांची कमाई, परदेशातली विक्री, स्ट्रीमिंगचे हक्क यांत काही भर पडत असेल. ती वेगळी मोजा, अंदाजाने आत ढकलू नका. आणि तो भाव जुना होता हेही विसरू नका.

2025 च्या 80 लाखांचा हिशेब मी पाठीमागून मांडतो. 80 लाख परत यायचे तर 1 कोटी 60 लाखांची जादा तिकीटविक्री हवी. तिकीट साधारण दहा-अकरा डॉलरचं धरलं तर सुमारे 15 लाख जादा तिकिटं. 2025 चा सामना अमेरिकेत सरासरी 12.77 कोटी लोकांनी पाहिला, म्हणजे शंभरात साधारण एकाने तिकीट काढलं की झालं. “एवढंच ना?” असं मुलं म्हणतात. एवढंच नाही. तो एक माणूस जाहिरात पाहिली नसती तर आलाच नसता, असा असायला हवा. आधीपासून तारखेवर डोळा ठेवून बसलेला चाहता यात धरायचा नाही.

एका दाखल्यावर इमारत

‘इंडिपेन्डन्स डे’चं नाव काढल्याशिवाय या विषयावर कोणाचं पान हलत नाही. जानेवारी 1996 मध्ये फॉक्स स्टुडिओने 13 लाख डॉलर मोजून सुपर बोलमध्ये व्हाइट हाउस उडताना दाखवलं, जुलैत चित्रपट आला आणि एकट्या अमेरिका-कॅनडात 30 कोटींवर गेला. खरं आहे. स्टुडिओंची रीघ लागली तीही त्यानंतरच. पण यावरून ‘जाहिरात चालते’ एवढंच शिकणाऱ्याला मी 2012 चा सामना अभ्यासायला देतो.

त्या वर्षी स्पॉटचा सरासरी भाव सुमारे 35 लाख डॉलर होता. एकाच सामन्याच्या जाहिरातींत ‘द ॲव्हेंजर्स’, ‘जॉन कार्टर’, ‘बॅटलशिप’ आणि ‘जी. आय. जो: रिटॅलिएशन’ होते. ॲव्हेंजर्सने पहिल्याच वीकेंडला अमेरिका-कॅनडात 20 कोटींचा टप्पा ओलांडला. जॉन कार्टर महिन्याभरात पडद्यावर आला आणि डिस्नेला 20 कोटी डॉलरच्या तोट्याची घोषणा करावी लागली. बॅटलशिपचं बजेट 20 कोटींच्या वर, देशांतर्गत गल्ला साडेसहा कोटींच्या आसपास. सामना तोच, प्रेक्षक तेच. जॉन कार्टरसारखं, पडद्यावर मंगळ दिसतोय की वाळवंट, नायक कोण, तो तिथे का गेला, हे 30 सेकंदांत कळत नसेल तर कोट्यवधी लोकांना एकाच वेळी न कळण्याची सोय आपण पैसे देऊन करतो. व्हाइट हाउस उडालं हे कळायला कोणाला दुसरं वाक्य लागलं नाही.

माझी सवय म्हणाल तर मी स्पॉट आवाज बंद करून एकदा पाहतो आणि चित्रपट कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहून बघतो. ओळ जमली नाही, तर पुढचे आकडे बघताना माझी अपेक्षा आधीच उतरलेली असते. याला कोणी शास्त्र म्हणू नये.

तारीख पक्की नसताना जाहिरात

वरच्या यादीतला ‘जी. आय. जो’ जून 2012 मध्ये येणार होता. मे महिन्यात पॅरामाउंटने थ्रीडीचं कारण देऊन तो मार्च 2013 वर ढकलला. फेब्रुवारीत तापवलेलं दूध पुढच्या वर्षी प्यायला दिलं. चित्रपट नंतर चालला, पण त्यातलं किती श्रेय तेरा महिन्यांपूर्वीच्या स्पॉटला द्यायचं? मी शून्य धरतो. काही जण भांडतात.

2020 ची गोष्ट निराळी. फेब्रुवारीच्या सामन्यात जाहिरात झालेला ‘नो टाइम टू डाय’ ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेत लागला, ‘टॉप गन: मॅव्हरिक’ थेट मे 2022 मध्ये. महासाथीचा दोष कोणावर टाकता येत नाही. मात्र त्या वर्षीचे आकडे सरासरीत मिसळणाऱ्यांना दोष द्यायलाच हवा. ते वर्ष तक्त्यातून बाहेर काढा.

बाकीच्या, थोडक्यात

व्ह्यूज म्हणजे तिकिटं नव्हेत. 2024 च्या सामन्याच्या दिवशी आलेल्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या ट्रेलरला 24 तासांत 36.5 कोटी व्ह्यूज मिळाल्याचं डिस्नेने सांगितलं. चित्रपट तुफान चालला. पण तो प्रेक्षक आधीच दारात उभा होता, आणि पूर्ण ट्रेलर लोकांनी पाहिला तो ऑनलाइन, टीव्हीवर नव्हे.

स्पॉटचा भाव हाच पूर्ण खर्च धरू नका. उन्हाळ्यात येणाऱ्या चित्रपटाचं व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांचं, काम फेब्रुवारीत अर्धवट असतं; जाहिरातीपुरते शॉट घाईने पुरे करण्याचेही पैसे लागतात.

किक-ऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, आधीचे स्पॉट स्वस्त असतात. ‘सुपर बोलची जाहिरात’ असं कुठे वाचलं की ती नेमकी कधी दाखवली ते आधी तपासा, मगच 80 लाखांनी भागाकार करा.

मोठ्या मालिकेचा पुढचा भाग आणि अनोळखी चित्रपट एका टोपलीत घालू नका. 2012 च्याच फेब्रुवारीत, प्रत्यक्ष सेवेतले नेव्ही सील (अमेरिकी नौदलाचे कमांडो) पडद्यावर आणणारा ‘ॲक्ट ऑफ व्हॅलर’ आला. एकही मोठा तारा नाही, आणि पहिला वीकेंड सुमारे अडीच कोटी डॉलरचा. असा अनोळखी चित्रपट फुटबॉल बघणाऱ्या गर्दीपुढे न्यायचा, की ज्याचं नाव पोराटोरांना पाठ आहे त्यावर तेच पैसे ओतायचे, हा प्रश्न स्टुडिओच्या बैठकीत निघाला तर मी पहिल्याच्या बाजूने बोलेन.

आणि स्ट्रीमिंगवाल्यांचे दाखले या हिशेबात आणू नका. 2018 मध्ये नेटफ्लिक्सने ‘द क्लोव्हरफील्ड पॅराडॉक्स’ची जाहिरात सामन्यात दाखवून सामना संपताच चित्रपट खुला केला. कल्पना धाडसी, समीक्षा वाईट, आणि तिकीटच नसल्यामुळे वसुली मोजायला आपल्या हाती काहीच नाही.