चांदीच्या तारेतलं मँगनीज: कोहिअरन्स मोजताना या चुका टाळा

दरवर्षी एखादा नवा विद्यार्थी आलेख घेऊन धावत येतो. तापमान उतरवत नेलं तसा चांदीच्या तारेतल्या इलेक्ट्रॉनची फेज (त्याच्या लाटेची लय) टिकून राहण्याचा काळ, म्हणजे कोहिअरन्सचा काळ, वाढत गेला, आणि तीन-चारशे मिलिकेल्विनच्या (निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या अंशाहूनही कमी) खाली रेघ आडवी पडली. ‘‘सर, सॅच्युरेशन! काळ वाढायचा थांबला!’’ माझा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘चांदी कुठली, किती शुद्ध?’’ मग शांतता.

1982 मध्ये आल्टशुलर, आरोनोव आणि ख्मेल्नित्स्की या भौतिकशास्त्रज्ञांनी बारीक तारेचा हिशेब मांडला. फक्त इलेक्ट्रॉनांची आपसातली धक्काबुक्की असेल, तर तापमान आठपट खाली नेल्यावर हा काळ चौपट व्हायला हवा. तार आतून कितीही खडबडीत असली तरी चालतं, कारण साध्या दोषावर आपटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलत नाही, फेज शाबूत राहते. चुंबकीय अणूचं तसं नाही. त्याला स्वतःचा स्पिन (अणूला चिमुकला चुंबक बनवणारा गुणधर्म) असतो. इलेक्ट्रॉनने जाताजाता तो उलटवला की ‘इथून गेलो’ अशी खूण मागे उरते, आणि व्यतिकरण (लाटांचं एकमेकींत मिसळणं) तिथेच संपतं.

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक: ‘‘रोध मोजला, कोंडोचा चढ दिसला नाही, म्हणजे धातू साफ.’’ (कोंडोचा चढ म्हणजे चुंबकीय अणूंमुळे थंडीत वाढणारा रोध.) अरे, एवढ्या बारीक तारेत थंडीत रोध तसाही थोडा चढतो, इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेमुळे. एक पीपीएम (दहा लाख अणूंत एक) मँगनीजचा, म्हणजे चुंबकीय अणूचा, चढ त्यात बुडून जातो. आणि एक पीपीएम म्हणजे किती? 100 नॅनोमीटर रुंद, 50 जाड, 10 मायक्रॉन लांब तार घ्या. तीत सुमारे तीन हजार चुंबकीय अणू बसलेले असतात. रोधाला त्यांचा पत्ता नसतो, फेजला मात्र पक्का असतो.

1997 मध्ये मोहंती, जरीवाला आणि वेब यांनी सोन्याच्या तारांमधली आडवी रेघ छापली आणि शून्य तापमानालाही फेज तुटते का, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. 2003 मध्ये फ्रान्समधल्या साक्ले आणि अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या गटांनी चांदीचे नमुने शेजारी ठेवून दाखवले: सिक्स-नाइनच्या (99.9999 टक्के शुद्ध) चांदीत काळ वाढतच गेला, फाइव्ह-नाइनच्या (99.999 टक्के) चांदीत अडकला. शुद्ध तारेत मुद्दाम 0.3 पीपीएम मँगनीज घातलं, काळ अडकवायला तेवढंही पुरलं.

रेघ सपाट का दिसते, तेही समजून घ्या. चांदीतल्या मँगनीजचं कोंडो तापमान (जिथे इलेक्ट्रॉन त्याचा स्पिन सर्वांत जोमाने उलटवतात ते) सुमारे 40 मिलिकेल्विन. त्याच्याकडे उतरताना स्पिन उलटण्याचा वेग हळूहळू वाढतो आणि इलेक्ट्रॉनांच्या धक्काबुक्कीतली घट भरून काढतो. 100 मिलिकेल्विनला मोजणं थांबवणारा माणूस अर्ध्या वाटेवरून परततो आणि वर सिद्धान्त मांडतो.

माझंही हसं झालंय. पहिल्या तारा सपाट निघाल्या तेव्हा मी सहा आठवडे विजेचा गोंगाट अडवणाऱ्या फिल्टर आणि ग्राउंडिंगच्या मागे लागलो. शेवटी कार्यशाळेतल्या काकांनी विचारलं, ‘‘चांदीच्या गोळ्या कापल्या कशाने?’’ स्टीलच्या पकडीने. तिच्या दातांवर चांदी चकाकत होती, म्हणजे दातांचं काहीतरी चांदीलाही लागलं असणारच. मग चेंबरची (धातूची वाफ करून तार घडवायच्या निर्वात पेटीची) नोंदवही उघडली: आदल्याच आठवड्यात कोणीतरी त्यात परमॅलॉय हा चुंबकीय मिश्रधातू वाफ करून उडवला होता. निकेल आणि लोखंड! मी नवी क्रुसिबल (धातू वितळवायची मूस), नवा फॉइल, नवी चांदी आणि प्लास्टिकचा चिमटा असं सगळं एकदम बदललं. रेघ चढायला लागली. पण दोष पकडीचा की चेंबरचा, हे आजही सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, एवढीही अक्कल घाईत राहत नाही.

आता प्रत्येक बाष्पीभवनाआधी मी वही वाचतो. नोंद नसेल तर चेंबर घाणेरडा धरतो. ‘‘एकदा नमुन्याशिवाय उडवून घेतलं की झालं’’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना दुसऱ्या चेंबरकडे पाठवतो.

थर्मामीटर 100 मिलिकेल्विन दाखवतो म्हणून इलेक्ट्रॉन तेवढे थंड असतातच असं नाही. या तापमानाला औष्णिक ऊर्जा जेमतेम 8.6 मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि लोक तारेवर 50 मायक्रोव्होल्ट टाकून इलेक्ट्रॉन तापवून मोकळे होतात. करंट निम्मा करा. आलेख हलला तर आधीचा फेकून द्या.

नवशिक्यांनी तांब्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच 2003 च्या मापनांत सिक्स-नाइनचं तांबंही अडकलं होतं, आणि संशय पृष्ठभागावरच्या ऑक्साइडवर गेला.

सोन्यात स्पिन-ऑर्बिट जोडणी (इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं त्याच्या गतीशी नातं) जबरदस्त असते, तेव्हा आलेखाला सूत्र बसवताना ते पद गाळू नका.

संशय उरलाच, तर चुंबकीय क्षेत्र. टेस्लाभर क्षेत्रात, 100 मिलिकेल्विनला, मँगनीजचे स्पिन एका दिशेला गोठतात आणि उलटायचं थांबतात. पण वीक लोकलायझेशन (व्यतिकरणाने रोधात होणारा किंचित बदल, ज्यावरून हा काळ मोजतात) त्याच्या कितीतरी आधी मरतं, म्हणून तिथे आहारोनोव-बोम आंदोलनं (क्षेत्र बदललं की वलयाच्या रोधात होणारे चढउतार) पाहावी लागतात. 2002 मध्ये तांब्याच्या वलयात ती क्षेत्र वाढवल्यावर ठळक होताना दिसली होती. त्यासाठी वलय लागतं, आणि ते त्याच चिपवर, त्याच बाष्पीभवनात, पहिल्याच दिवशी काढून ठेवावं लागतं.