विनोदी मर्डर मिस्ट्रीची ऑडिशन द्यायला जाताय? मग जायच्या आधी एवढं करा

पावसाळा लागला की हौशी नाट्यसंस्थांचे मेसेज ग्रुपवर फिरायला लागतात, नवीन नाटकासाठी कलाकार हवेत, अनुभवाची अट नाही, रविवारी सकाळी दहाला शाळेच्या हॉलवर या वगैरे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या बहुतेक वेळा दिवाळीच्या आगेमागे येतात त्यामुळे कास्टिंग लवकर उरकावं लागतं. आता हे नाटक विनोदी मर्डर मिस्ट्री असेल तर तयारी जरा वेगळी करावी लागते आणि ती नेमकी काय हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितेय. मी बऱ्याच ऑडिशन दिल्यात आणि गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून घेतेय पण, त्यामुळे दोन्ही बाजू माहिती आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विनोदी नाटक आहे हे कळल्यावर लोक विनोदी वागायला लागतात. डोळे मोठे, आवाज चिरका, प्रत्येक वाक्याला हातवारे. अहो पण त्या पात्राच्या घरात खून झालाय! त्याला मनापासून भीती वाटतेय, पोलीस आलेत आणि त्याचं स्वतःचं काहीतरी बाहेर पडेल म्हणून त्याचा जीव टांगणीला लागलाय. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी मराठीत फार्स, म्हणजे गोंधळातून हसवणारं नाटक, रुजवला, तो प्रकार आठवा, त्यात माणूस जीव तोडून काहीतरी लपवत असतो आणि म्हणूनच आपण हसतो. तेव्हा पात्र हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा, हा माणूस काय लपवतोय? खुनी असो नसो, अशा नाटकात लपवण्यासारखं प्रत्येकाकडे असतं, कोणाची उधारी, कोणाचं चोरून जमवलेलं लग्न, कोणी नुसते बरणीतले लाडू खाल्लेत.

घरी करायचा एक सराव सांगते, मला स्वतःला याचा फार उपयोग झालाय. एक वाक्य घ्या, ‘दूध मी दिलं होतं, पण साखर मी नव्हती घातली.’ आता ‘साखर’वर जोर द्या, बाई स्वतःचा बचाव करतेय. दुसऱ्या ‘मी’वर जोर द्या, लगेच शेजारी उभ्या असलेल्या जावेकडे बोट गेलं. ‘दिलं होतं’नंतर थांबा आणि मग पुढचं घाईने बोला, म्हणजे तिला अर्ध्यातच कळलंय की आपण जास्त बोललो. वाक्य एकच पण तीन वेगळ्या बायका झाल्या. ऑडिशनला डायरेक्टर हमखास म्हणतो, आता हेच जरा वेगळं करून दाखव, आणि तिथे बरेच जण तेच पुन्हा मोठ्याने बोलतात. तुम्ही जोराची जागा बदला, लपवायची गोष्ट बदला. पाठ केलेलं स्वगत चांगलं झालं नाही तरी चालतं पण सांगितलेलं ऐकून बदल करता येतो का हे आम्ही नक्की बघतो, कारण पुढचे दोन-अडीच महिने तालमीत तेच करायचं असतं.

वाचन करताना कागदात डोकं घालून बसू नका. आपलं वाक्य संपलं की लोक पुढचं वाक्य शोधायला लागतात आणि समोरचा काय बोलतोय ते ऐकतच नाहीत. मिस्ट्रीमध्ये ऐकणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा महत्त्वाचा. इन्स्पेक्टर म्हणाला ‘खून साडेदहाला झाला’ की प्रेक्षक लगेच बाकीच्या चेहऱ्यांकडे बघतात. बोट वाक्यावर ठेवा, नजर वर ठेवा, अडखळलात तर अडखळा, पण त्या ‘साडेदहा’वर तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं पाहिजे. टेबलामागचे लोक हसतील म्हणून मात्र थांबू नका, त्यांनी तो सीन सकाळपासून वीस वेळा ऐकलेला असतो. प्रयोगात थांबावं लागतं ते वेगळं, कारण हशात पुढचं वाक्य बुडालं आणि त्यातच पुरावा असला तर शेवट कोणाला कळतच नाही.

इन्स्पेक्टर मागायच्या आधी विचार करा. रोल मोठा दिसतो पण त्याची वाक्यं म्हणजे प्रश्नांमागून प्रश्न, सगळे सारखे वाटणारे, पाठ करायला भयंकर अवघड, आणि एक प्रश्न बोलायचा राहिला की दोन पानं उडतात आणि त्यात पुरावा पण जातो. नावं, वेळा, नाती शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली पाहिजेत. उच्चार स्पष्ट असतील तर जरूर मागा. आणि ज्याचा खून होतो त्या रोलला कोणी हात लावत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं! पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत घरातल्या प्रत्येकाला आपला जीव घ्यावासा वाटेल असं वागायचं असतं, तेही प्रेक्षकांना कंटाळा न येता, हे काम सोपं नाहीये. नंतर पडून राहताना तोंड प्रेक्षकांच्या उलट बाजूला ठेवायचं कारण लाइट पडला की मिटलेल्या पापण्या फडफडतात, श्वास हळू आणि पोटाने घ्यायचा. ऑडिशनला कोणी विचारलंच तर करून दाखवा.

खुनीचा सीन वाचायला मिळाला तर गूढ हसू, तिरका कटाक्ष काही नको. तो माणूस घरात सगळ्यात जास्त मदत करणारा वाटला पाहिजे.

मालवणी किंवा वऱ्हाडी येत नसेल तर लावू नका प्लीज. आमच्याकडे बरेच जण नोकराचा रोल म्हटला की लगेच गावरान बोलायला लागतात आणि ज्याची ती भाषा आहे त्याला ते ऐकवत नाही. तुमच्या घरात जशी बोलता तशी मराठी बोला, त्यातच तुमचं टायमिंग असतं.

कपडे साधे, हालचाल करता येईल असे. फॉर्मवर तारखा खऱ्या लिहा. गणपतीत गावाला जाणार असाल, मुलांच्या परीक्षा असतील, सेकंड शिफ्ट असेल तर आधीच सांगा. इथे मानधन नसतं, सगळे ऑफिस करून रात्री आठला तालमीला येतात, आणि पाच संशयित एकाच दिवाणखान्यात असलेल्या नाटकात एक जण नसला तरी हालचाली बसवता येत नाहीत. गेल्या वेळी एका फार छान मुलीला आम्ही याच कारणाने घेऊ शकलो नाही, तिने तारखा आधी सांगितल्या असत्या तर आम्ही तालमी सरकवल्या असत्या.

रोल नाही मिळाला तर घरी बसू नका, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळायला मागा. बाकी नाटकात कप राहिला तर नट सांभाळून घेतो, इथे दुसऱ्या अंकात दुधाचा पेला टेबलावर नसेल तर खुनी पकडताच येत नाही.