एएमपीकेवर काम करायचंय? आधी यकृत गोठवायला शिका

चयापचयाच्या लॅबमध्ये नव्याने आलेली मुलं बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात तो प्रायमरचा, म्हणजे हवं ते जनुक पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा. जनुकाचं काम शोधायचं म्हणजे आरएनए काढायचा आणि तो किती आहे हे मोजणारा क्यूपीसीआर लावायचा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एएमपीके, म्हणजे पेशीतली ऊर्जा घटली की चालू होणारं एंझाइम, याच्या बाबतीत ही सुरुवात मला चुकीची वाटते. रॅटला रात्रभर उपाशी ठेवा किंवा ट्रेडमिलवर पळवा, पेशीतली ऊर्जा घटली की काही मिनिटांत फरक पडतो तो एएमपीकेच्या अल्फा उपघटकातल्या १७२ क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसण्यात; त्यानेच ते चालू होतं. आरएनए मोजून तो फरक दिसणार नाही.

या कायनेजची, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवणाऱ्या एंझाइमची, सगळी कहाणीच रॅटच्या यकृतातून सुरू झाली. १९७३ मध्ये दोन गटांना दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. एकाला मेदाम्लं बनवणारं एसीसी हे एंझाइम बंद करणारं काहीतरी सापडलं, दुसऱ्याला कोलेस्टेरॉल बनवणारं रिडक्टेज हे एंझाइम बंद करणारं. ही दोन्ही कामं एकच कायनेज करतं, हे १९८७ मध्ये डंडीच्या हार्डी यांच्या गटाने दाखवलं. पुढे १९९६ मध्ये विंडर आणि हार्डी यांनी पळवलेल्या रॅटच्या मांडीच्या लाल स्नायूत एएमपीके चालू आणि एसीसी मंद झालेलं पाहिलं. एसीसी मंदावलं की ते बनवत असलेलं मॅलोनिल-कोए उतरतं, त्याने अडवून धरलेलं मायटोकॉन्ड्रियाचं दार मेदाम्लांसाठी उघडतं आणि चरबी जळू लागते. ही साखळी तोंडपाठ हवी. पुढचे सगळे निकाल तिच्यावरच ताडून बघायचे असतात.

आता मुख्य मुद्दा. यकृत कापून बाहेर काढलं की त्याचा प्राणवायू तुटतो, पेशीचं इंधन असलेला एटीपी घसरतो, तो खर्चून उरणारा एएमपी चढतो आणि एएमपीके तिथेच, तुमच्या हातात, चालू होतं. मग पोटभर खाल्लेला आणि उपाशी रॅट सारखेच दिसतात, आणि आपण मोजतो ती आपलीच दिरंगाई. म्हणून भूल दिलेल्या प्राण्याचं पोट उघडून, रक्त वाहतं असतानाच, चपट्या पात्यांच्या अॅल्युमिनियमच्या चिमट्याने यकृताचा तुकडा दाबून गोठवायचा. चिमटा आधी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचा. त्याच्याभोवतीचं खदखदणं थांबलं की तो तयार झाला असं समजा. तुकडा पापडासारखा पातळ निघाला पाहिजे. जाड राहिला तर मधला भाग उशिरा गोठतो. पूडही द्रव नायट्रोजनमध्येच करायची आणि ती वितळायच्या आत फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारी एंझाइमं) रोखणाऱ्या बफरमध्ये जायला हवी.

ब्लॉटवर, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रथिनं पडद्यावर उतरवून ओळखायच्या चाचणीत, फक्त फॉस्फो-एएमपीके (फॉस्फेट बसलेलं एएमपीके) पाहून थांबू नका. एसीसीच्या ७९ व्या सेरिनवरचा फॉस्फेटही बघा. कायनेजने खरोखर काम केलं का, हे तो सांगतो. एसीसी हे प्रथिन अडीचशे किलोडाल्टनच्या वर, म्हणजे फार मोठं, असल्यामुळे जेल कमी टक्क्याचं घ्या आणि ट्रान्सफरला वेळ द्या. एकूण एसीसी मोजायला बायोटिनला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिनही चालतं, कारण या एंझाइमला मुळातच बायोटिन जोडलेलं असतं. मला ही युक्ती फार आवडते.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचा मोह नव्या मुलांना हमखास पडतो. २००१ मध्ये रॅटच्या यकृतपेशींत हे औषध एएमपीके चालू करतं हे दिसलं, आणि बऱ्याच जणांनी कोडं सुटलं असं मानलं. २०१० मध्ये मात्र यकृतात एएमपीके नसलेल्या माऊसमध्येही मेटफॉर्मिनने ग्लुकोजनिर्मिती रोखलेली आढळली. म्हणून औषध देऊन थांबायचं नाही, जनुक काढूनही बघायचं. तेही सरळ नाही: रॅटच्या यकृतात अल्फा उपघटकाचे अल्फा-१ आणि अल्फा-२ असे दोन्ही प्रकार असतात, एक काढलं तर दुसरं काम सावरू शकतं.

रॅट रात्री खातो, त्यामुळे सकाळी दहाचा 'उपाशी' आणि संध्याकाळी पाचचा 'उपाशी' यांत फार अंतर आहे. वेळ नोंदवहीत लिहाच. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच भूल कोणती, उपवास किती तास आणि ऊतक कसं गोठवणार हे स्पष्ट मांडा. मंजुरीनंतर पद्धत बदलायची तर पुन्हा समितीपुढे जावं लागतं. आणि पहिला रॅट हातात घेण्याआधी सीनियरच्या शेजारी उभं राहून ते चिमटा कसा धरतात ते नीट बघून घ्या.