नेत्यावरच्या लेखाला संदर्भ जोडण्याआधी

विकिपीडियावर राजकीय नेत्याच्या लेखाला जोडलेली बातमी बरेचदा त्याच्याच कार्यालयाचं प्रसिद्धीपत्रक निघते, आणि मग मजकूर काढला जातो. हे आधीच ओळखता येतं.

१. बातमीतलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य जसंच्या तसं चार ठिकाणी दिसलं, तर ते चार संदर्भ नाहीत, एकच आहे. बातमीदाराचं नाव आणि त्याने दुसऱ्या बाजूला विचारलेलं दिसतं, ती बातमी घ्या.

२. बातमीची तारीख लेखाच्या इतिहासाशी, म्हणजे त्यातल्या बदलांच्या तारीखवार नोंदीशी, ताडून पाहा. मजकूर लेखात आधी आणि बातमीत नंतर आला असेल, तर बातमीच लेखावरून उचललेली असू शकते. हे फारसं कुणी तपासत नाही, म्हणून आवर्जून सांगतो.

३. नेत्याचं संकेतस्थळ शिक्षणासारख्या साध्या माहितीपुरतं चालतं, कामगिरीसाठी नाही. मतांचे आकडे अधिकृत निकालातूनच घ्या.

४. दुवा वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करा.

जपायचं एकच: हयात व्यक्तीवरचा आरोप न्यायालयाच्या कागदपत्रांवरून थेट लिहू नका. भरवशाच्या वृत्तपत्राने किंवा पुस्तकाने तो मांडलेला नसेल, तर लेखाबाहेरच राहू द्या.