जुनी स्पोर्ट्स कार घेताना तिची थकबाकी कशी वाचावी

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या विकायला निघाल्यात आणि दुसरीची किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट आहे. नवा गिऱ्हाईक लगेच म्हणतो, दुसरा विक्रेता हावरट दिसतोय. बहुतेक वेळा त्या दोघांत रास्त भाव त्याचाच असतो. पहिल्या गाडीचा टायमिंग बेल्ट, क्लच, सस्पेन्शनची रबरं, कूलंटचे पाइप अशी सगळी कामं आधीच्या तीन मालकांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत ढकललेली असतात. ती थकबाकी गाडीबरोबर तुमच्या नावावर येते, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो.

रोजच्या वापराच्या जुन्या गाडीचा भाव वर्ष आणि किलोमीटर यांवरून ढोबळमानाने काढता येतो. थोड्याच संख्येने बनलेल्या, पंधरा-वीस-तीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारला तो हिशेब लागू पडत नाही. इथे थकबाकी मोजता आली पाहिजे. ती कशी मोजायची, ते क्रमाने सांगतो.

१. गाडी पाहण्याआधी तिचा आजार शोधा

अशा प्रत्येक मॉडेलचा एखादा ठरलेला आजार असतो. तो माहीत नसताना गाडी बघायला जाऊ नका, कारण समोर उभी राहिली की ती सुंदरच दिसते.

पोर्शची पहिली बॉक्स्टर आणि ९९६ पिढीची ९११ ही ठळक उदाहरणं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००५ च्या आसपासपर्यंतच्या या गाड्यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं (टायमिंग चेन फिरवणाऱ्या आतल्या दांड्याचं) एक बेअरिंग आहे. ते सगळ्याच गाड्यांत जातं असं नाही, पण गेलं तर बहुधा अख्खं इंजिन घेऊन जातं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून जाणते मालक क्लच बदलतानाच ते काम उरकून घेतात. तेव्हा विक्रेत्याला ‘बेअरिंग ठीक आहे ना?’ असं विचारू नका, क्लचचं बिल मागा. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन आहे, त्यांना ही काळजी नाही. भावातल्या फरकाचं एक कारण हेही आहे.

माझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) साध्या कॉम्प्रेशन गेजला, म्हणजे इंजिनातला दाब मोजणाऱ्या मापकाला, फसवतं. एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यांतला सर्वांत चांगला आकडा दाखवून मोकळा होतो. तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारं रोटरीचं खास यंत्र लागतं. ज्या मेकॅनिककडे ते नाही, त्याच्या ‘कॉम्प्रेशन एकदम मस्त’ला अर्थ नाही.

सुरुवातीच्या लोटस एलिसमध्ये रोव्हरचं के-सीरीज इंजिन आहे आणि हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांमधलं सील) हा त्याचा जुना रोग. पुढे एलिसला टोयोटाची इंजिनं आली. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बसतो तिथे पत्र्याला तडे जातात, आणि ते गाडी वर उचलून नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर इंजिनच बाहेर काढावं लागतं. बेल्ट वर्षांनीही म्हातारा होतो, त्यामुळे ‘गाडी फारशी चालवलीच नाही’ हे तिथे चालत नाही.

२. सुट्या भागांची चौकशी करा

दुर्मीळ गाडी आणि दुर्मीळ सुटे भाग या वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या कंपन्या दारांचे हँडल, दिवे, स्विच अशा वस्तू मोठ्या कंपन्यांच्या साध्या गाड्यांमधून उचलत. लोटस एस्प्रिटच्या पहिल्या गाड्यांना मॉरिस मरिनाचे हँडल आहेत, नंतरच्यांचे मागचे दिवे टोयोटा कोरोलाचे. अ‍ॅस्टन मार्टिन डीबी७ चे मागचे दिवे माझदाच्या घरचे. डौलदार गाडीच्या अंगावर उसना दागिना! हे कळल्यावर काहीजण हिरमुसतात. मला तर त्याचा आनंदच होतो, कारण असा भाग मिळण्याची आशा असते.

डीलोरियन जेमतेम नऊ हजारांच्या आसपास बनल्या आणि कंपनी बुडाली, पण उरलेला साठा जपला गेल्यामुळे आजही तिचे भाग मिळतात. उलट एखाद्या गाडीची पुढची काच, दारांची रबरं किंवा इंजिनचं कंट्रोल युनिट कुठेच मिळत नाही आणि ती महिनोन् महिने गॅरेजमध्ये पडून राहते. म्हणून त्या मॉडेलच्या मालकांना एकच प्रश्न विचारा: ‘कोणत्या भागासाठी सर्वांत जास्त थांबावं लागलं?’ उत्तर फटकन येतं.

३. कागदांना गाडीइतकाच वेळ द्या

सर्व्हिस बुकावरच्या शिक्क्यांपेक्षा बिलं बोलतात. बिलावर तारीख, किलोमीटर आणि नेमका कोणता भाग बदलला हे असतं. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावा. किलोमीटरचा आकडा कुठे मागे गेलेला दिसला तर तिथेच थांबा. मध्येच चार-पाच वर्षं रिकामी दिसली तर त्या काळात गाडी कुठे उभी होती ते विचारा.

मग चासी नंबर. १९८१ पासून रूढ झालेला हा नंबर सतरा खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही अक्षरं नसतात. कागदावरचा, डॅशबोर्डवरचा आणि पत्र्यावर कोरलेला असे सगळे नंबर जुळले पाहिजेत. इंजिन मूळचंच आहे का हेही ताडून घ्या. किमतीत त्याने मोठा फरक पडतो.

४. इंजिन थंड असताना पोहोचा

जाण्याआधी सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटखाली हात लावून बघा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत या.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका गृहस्थांनी ‘तुमच्यासाठी तयारच ठेवलीय’ म्हणत गाडी सुरू करून ठेवली होती. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. ती माझ्या दारात आल्यावर पहिल्याच थंड सकाळी टायमिंग चेनने दहा सेकंद असा खडखडाट केला, की शेजारी खिडकीत आले.

थंड इंजिन सुरू होताना कान आणि डोळे दोन्ही लावा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट आत शिरतंय.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ३४१६ म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी कोरी, पण टायर दहा वर्षांचे, म्हणजे गाडी उभीच होती. उभ्या गाडीत सील कडक होतात, पेट्रोल नासतं, ब्रेकचे कॅलिपर अडकतात. फार कमी चाललेल्या गाडीवर म्हणूनच मी भाळत नाही.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र बरोबर असलं तर चांगलंच. डेंट-पेंट कुठे झालंय ते कळतं. मात्र नेहमीची यंत्रं धातूवरच चालतात. एलिस किंवा ब्रिटिश टीव्हीआरसारख्या फायबरग्लासच्या गाडीवर त्यांचा उपयोग नाही. तिथे तिरप्या उजेडात रंगातल्या बारीक तड्या शोधा. टीव्हीआरची खरी परीक्षा तर खालच्या लोखंडी सांगाड्यात असते, तिथला गंज बॉडी उचलल्याशिवाय धड काढता येत नाही.

५. तपासणी त्याच मॉडेलच्या मेकॅनिककडून

तो तुम्ही निवडलेला असावा, विक्रेत्याचा मित्र नको. गाडी लिफ्टवर घ्या, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते पाहणं) करायला लावा, खालून फोटो काढा. विक्रेता यालाच नकार देत असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

६. आता किंमत काढा

मागितलेली किंमत विसरा. प्रत्यक्ष कितीला विकल्या गेल्या ते बघा. ऑनलाइन लिलावांचे अंतिम आकडे अनेकदा सर्वांना दिसतात. त्यात खरेदीदाराकडून वेगळं घेतलं जाणारं कमिशन धरलंय की नाही, ते तेवढं तपासा. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा भाव धरा आणि त्यातून थकलेल्या कामांचा अंदाजी खर्च वजा करा. घासाघीस करताना ही यादी समोर ठेवली की आवाज चढवावा लागत नाही. मी शिवाय गाडीच्या किमतीचा एक चतुर्थांश भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवतो आणि तो बहुतेकदा संपतो.

भाव चढण्याची कारणंही समजून घ्या. मॅन्युअल गिअरबॉक्सला हौशी लोक जास्त मोजतात. कधी कायद्यामुळे नवे गिऱ्हाईक येतात: अमेरिकेत पंचवीस वर्षं पूर्ण झालेली गाडी नव्या गाड्यांचे सुरक्षा-नियम न लावता आणता येते. म्हणून १९८९ ची निस्सान स्कायलाइन आर३२ जीटी-आर २०१४ मध्ये आणि १९९९ ची आर३४ २०२४ मध्ये तिकडच्या लोकांच्या आवाक्यात आली. मात्र अशी तारीख सगळ्यांनाच ठाऊक असते, त्यामुळे भाव आधीच चढलेला असतो. नफ्यासाठी घेणार असाल तर उशीर झालाय असं समजा.

विम्यात गाडीचं मूल्य आधी ठरवून लिहून घेता येत असेल तर घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला नुसती एक जुनी गाडी समजेल.

७. विकायची वेळ आली तर

काढलेले मूळ भाग कधीही फेकू नका. तुम्हाला आवडलेला सायलेन्सर पुढच्याला आवडेलच असं नाही, पण खोक्यात ठेवलेला मूळचा त्याला हवा असतो. दोष जाहिरातीतच लिहा. ते लिहिलेले पाहून गाडी जाणणारा माणूस फोन करतो. आणि थंड इंजिन सुरू करण्याचा व्हिडिओ टाका, मध्ये कुठेही न कापलेला, बॉनेटवर हात ठेवण्यापासून सुरू होणारा.