ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता: दावा अडकवणाऱ्या या चुका टाळा

एमआयडीसीतल्या एका ठेकेदाराकडे मी बरीच वर्षं पगारपत्रकं केली. कामगार सुटला की त्याच्या नावापुढे ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, मासिक भरण्यात शून्य दिवस टाकायचे. शून्य टाकलं की स्क्रीन कारण विचारते. यादी उघडते: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार कपात, काम नाही, असं बरंच काही. खाली शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख. १५ तारखेच्या आत चलन भरायचं असतं, समोर दोनशे नावं असतात, आणि क्लार्क सगळ्यांना एकच पर्याय मारून मोकळा होतो. मीही केलंय हे. तेव्हा कल्पना नव्हती की त्या एका ओळीवर कुणाचा तीन महिन्यांचा भत्ता लटकतो.

हा भत्ता म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८ च्या जुलैत सुरू झाली. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, करोनाच्या काळात ते ५० टक्के झाले. जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. योजना मुदतीची आहे, मुदत वाढवत नेतात, म्हणून अर्जाआधी ईएसआयसीच्या शाखेत चालू स्थिती विचारून घ्या.

दावा रखडला की लोक काउंटरवरच्या बाबूला शिव्या घालतात. पण बहुतेक वेळा घोळ अर्जाच्या आधीच, आपल्या जुन्या कंपनीच्या ऑफिसात झालेला असतो.

सहीसाठी पुढे केलेला कागद

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) हवं ना, मग इथं सही कर," असं म्हणून राजीनाम्याचा छापील कागद पुढे येतो. हातात पैसे पडतात, सही होते. या योजनेत मात्र स्वतःहून नोकरी सोडलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला, गैरवर्तनावरून काढलेल्याला किंवा बेकायदा ठरलेल्या संपामुळे घरी बसलेल्याला भत्ता नाही. कामावरून कमी केलं असेल तर तसंच लिहून मागा. देत नसतील तर निदान राजीनामा देऊ नका, आणि "उद्यापासून येऊ नको" हा सुपरवायझरचा व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका.

कागदोपत्री तुम्ही अजून कामावरच

समजा १२ मे हा शेवटचा दिवस. जूनच्या भरण्यात क्लार्कनं कारण 'रजेवर' टाकलं. झालं, ईएसआयसीच्या लेखी तुम्ही बेरोजगार नाहीच. म्हणून अर्ज भरण्याआधी आयपी नंबरनं (ईएसआयसीचा तुमचा विमा क्रमांक) पोर्टलवर लॉगिन करा आणि अंशदानाचा, म्हणजे विम्यासाठी भरलेल्या वर्गणीचा, तपशील बघा: कुठल्या महिन्यात किती दिवस, किती पगार, शेवटची तारीख काय. चूक दिसली तर कंपनीच्या एचआरला ईमेल करा, नुसता फोन नको. ईमेल पुढे पुरावा म्हणून लागतो. पूर्वी दावा मालकामार्फत पुढे जायचा, आता थेट शाखा कार्यालयात देता येतो. त्यामुळे एचआर दाद देत नाही म्हणून घरी बसायचं कारण नाही. दावा टाका आणि सोबत त्या ईमेलची प्रत लावा.

७८ चा हिशोब

ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी. त्यातही नोकरी जाण्याच्या लगतच्या आधीच्या तुकड्यात किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं, आणि त्यामागच्या तीन तुकड्यांपैकी एकात पुन्हा ७८. आता रोजंदारीच्या हिशोबात महिन्याचे २६ दिवस धरा. २६ गुणिले ३, बरोबर ७८. म्हणजे त्या तुकड्यात तीनच महिने काम मिळालेल्या माणसाचे दिवस काठावर बसतात. दिवाळीत गावाकडून एक दिवस उशिरा आला की ७७. पूर्ण हजेरी असून ७७ दिसत असेल तर पगाराची स्लिप आणि हजेरी कार्ड घेऊन जा. कापलेलं अंशदान भरलंच गेलं नसेल तर ती मालकाची थकबाकी, आणि तिची लेखी तक्रार वेगळी करायची.

चाकण, वाळूज, बुटीबोरीकडे सात महिन्यांनी ब्रेक देऊन माणूस दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर चढवतात. नवा ठेकेदार जुना नंबर न विचारता नवाच आयपी नंबर काढतो. माणूस एक, गेट एक, मशीन एक, आणि नंबर तीन. प्रत्येक नंबरवर थोडेथोडे दिवस, म्हणून अपात्र. सगळे नंबर एका कागदावर लिहून, आधारची प्रत लावून, ते एकत्र करण्याचा अर्ज शाखेत आधी द्या. दावा नंतर.

रक्कम कमी आली म्हणून भांडण

"पंधरा हजार पगार होता, निम्मे म्हणजे महिन्याला साडेसात." असं नसतं. चार तुकड्यांतली एकूण कमाई भागिले ७३०, त्याचे निम्मे. दोन्ही वर्षं सलग १५,००० असतील तर रोजचे साधारण २४६ रुपये, ९० दिवसांचे सुमारे २२,२००. मधले सहा महिने ब्रेकमध्ये गेले असतील तर तेच १६,६४० च्या आसपास. आधी स्वतः आकडेमोड करा, फरक निघाला तरच फेरतपासणी मागा. पुढच्या दिवसांचे पैसे आगाऊ मिळत नाहीत. भत्ता नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी देय होतो. मधेच नवी नोकरी लागली तर ती लपवू नका. नव्या मालकाचं अंशदान त्याच नंबरवर दिसतं.

नाव आणि बँक

आधारवर माहेरचं नाव, ईएसआयसीत सासरचं; किंवा एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी. हे अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. पासबुक देना बँकेच्या काळातलं असेल तर आयएफएससी कोड बदललेला आहे. २०१९ मध्ये ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. आणि दोन वर्षं हात न लावलेलं जनधन खातं देऊ नका.

कारखानाच बंद पडला असेल तर

कारखाना बंद झाला किंवा कायदेशीर कपात झाली असेल तर आधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचं विचारा. ती २००५ पासून आहे आणि २४ महिन्यांपर्यंत चालते: पहिलं वर्ष ५० टक्के, दुसरं २५. दोन्ही एकदम मिळत नाहीत, म्हणून घाईघाईनं ९० दिवसांच्या लहान योजनेचा फॉर्म भरू नका.

अर्ज टाकल्यावर

कागद प्रत्यक्ष दिला तर पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. निकाल १५ दिवसांत अपेक्षित आहे. तो आला नाही म्हणून दुसरा अर्ज ठोकू नका, गुंता वाढतो; त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन शाखा व्यवस्थापकाला एक पानाचं पत्र द्या. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. "नियमात बसत नाही" हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, कुठल्या अटीत बसत नाही ते कळलं तरच पुढचा कागद जोडता येतो. त्यानंतर उपप्रादेशिक कार्यालय, टोल फ्री १८००-११-२५२६, केंद्राचं तक्रार पोर्टल. हेही फिरून झालं तर माहिती अधिकार: १० रुपये, ३० दिवस. त्यात "माझा दावा का अडकला" असं विचारू नका, त्याला गोल उत्तर येतं. विचारा: "आवक क्रमांक अमुकच्या दाव्यावर आजवर कोणकोणत्या तारखांना काय नोंदी झाल्या, त्यांच्या प्रती द्याव्यात." माझ्या शेजारच्या एकाला या प्रश्नावर नोंदींच्या दोन पानांच्या प्रती आल्या. त्याचा दावा मालकाच्या खुलाशासाठी थांबला होता, आणि खुलासा मागणारं पत्र गेलं होतं ठेकेदाराच्या बंद पडलेल्या जुन्या पत्त्यावर.